कालव्यावरचा रस्तापूल, १:७६ – कमान पुन्हा कापली

गेल्या रविवारी माझ्या पुलाच्या मॉडेलवर (खऱ्याच्या ७६ पट लहान) कमानीचा साचा जागेवर ठेवून त्याखालून नॅरोबोट, म्हणजे अरुंद कालव्यांसाठीची लांब, चिंचोळी नाव, सरकवून पाहिली, तेव्हा छताचा डावा कोपरा कमानीला घासला. मधोमध उंची पुरेशी होती; पण नाव ओढणाऱ्या घोड्यांची वाट कमानीखालूनच जात असल्याने पाण्याचा पट्टा एका बाजूला सरकतो, आणि नेमकी तिथेच कमान खाली उतरत असते. या प्रमाणात सुमारे २८ मि.मी. रुंद आणि पाण्यावर २४ मि.मी. उंच असलेल्या नावेसाठी ही गोष्ट मी आधीच कागदावर मांडायला हवी होती.

हे काम मला ज्यावरून सुचले, तो इंग्लंड-वेल्समधील माँटगोमेरी कालवा १९३६ मध्ये फुटला आणि १९४४ च्या कायद्याने वाहतुकीसाठी बंद झाला. पुढे त्यावरचे काही पूल पाडून मोटारींसाठी रस्ते सपाट केले गेले. १९६९ मध्ये वेल्समधील वेल्शपूल येथे स्वयंसेवकांनी गाळ उपसायला सुरुवात केली, आणि इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात कालव्यावरचा रस्त्याचा शेवटचा अडथळा असलेला स्कूलहाउस ब्रिजही पुढे नव्याने उभा राहिला. माझे मॉडेल त्याची हुबेहूब प्रतिकृती नाही. सपाट रस्त्याच्या जागी पुन्हा पूल चढतो, तो प्रसंग मला दाखवायचा आहे.

खरी अडचण उंचीची आहे. पाण्याची पातळी लॉकमुळे (नावा वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या हौदामुळे) ठरलेली असल्याने ती खाली नेता येत नाही, आणि रस्त्याचा चढ एकदम उभा केला, तर समोरून येणारे वाहन दिसत नाही. मी चढ १:२० धरला असल्यामुळे कमान केवळ ५ मि.मी. वर घेतली, तरी दोन्ही बाजूंचे भराव प्रत्येकी १०० मि.मी. लांबले आणि फळीवरचे एक घर काढावे लागले. घर गेल्याचे वाईट वाटले, पण भराव शेजारच्या जमिनीत किती पसरतो, हे आता नजरेला पटते.

नवी कमान ३ मि.मी. जाडीच्या एमडीएफची (लाकडी भुशाच्या दाबलेल्या फळीची) आहे. तिच्यावर पीओपीचा पातळ थर देऊन, तो अर्धवट ओला असतानाच सुईने दर मिलिमीटरला विटांच्या रेघा ओढल्या. पूर्ण सुकू दिला, की कडा ठिसूळ होऊन तुटतात. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर घोड्यांच्या ओढदोरांनी पडलेले खोल चर मला फार आवडतात, तरीही ते इथे कोरले नाहीत, कारण नव्याने बांधलेल्या या पुलाखालून नाव ओढणारा घोडा कधी गेलेलाच नाही. आज नाव दोन्ही बाजूंना २ मि.मी. मोकळीक ठेवून पार झाली. आता कठडे.