जांबोटी रस्त्यावर पद्मिनी बंद पडते तेव्हा

बेळगावहून कणकुंबीला जायचं तर पिरनवाडीला खानापूर रस्ता सोडून उजवीकडे वळायचं. किणये, कुसमळी, जांबोटी आणि पुढे जंगल. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलं, पण जांबोटी सुटली की गॅरेज भेटेलच असं धरून चालू नका. काकांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी घेऊन मलप्रभेचा उगम बघायला निघालो होतो. जांबोटीपर्यंत गाडी झकास आली. चहा घेऊन निघालो आणि शंभर पावलांवर गचके देऊन बंद.

पुन्हा थोडा वेळ सेल्फ मारला की सुरू व्हायची, मिनिटभर चालायची आणि थांबायची. चहावाले मामा जवळ आले. "पंपावर ओलं फडकं घाला की वो, गॅस धरलं असंल." सल्ला जुना आणि चांगला आहे. उन्हाळ्यात घाट चढताना, टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होते, तेव्हा ओल्या फडक्यानं खरंच काम होतं. पण आमची सकाळ गार होती आणि गाडी चहाच्या वेळात निवलेली होती.

काकांनी बॉनेट उघडायच्या आधी मला विचारलं, "सुरू झाल्यावर किती वेळ चालली?" जुन्या गाडीत निम्मं निदान इथंच होतं. चावी सोडल्या सोडल्या बंद पडली तर इग्निशन स्विच किंवा त्याची वायर बघा. चोक आत ढकलताच बंद पडली तर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) स्लो जेटमध्ये, म्हणजे मंद चालीला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकात कचरा असतो, नाहीतर त्याच्या पॅकिंगमधून हवा जाते. चांगली वीसेक मिनिटं चालून तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, असं असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर या ठिणगीच्या भागांवर संशय घ्यावा. आणि मिनिटभर चालून बंद, म्हणजे कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबर नावाच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर गाडी चालली आणि मागून नवं पेट्रोल आलंच नाही.

ते पडताळणं सोपं आहे. गाडी बंद पडल्या क्षणी एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघत एक्सलेटरचा दांडा हातानं ओढायचा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. आमच्याकडे थेंबही आला नाही. म्हणजे करंटच्या मागे लागायचं कारण उरलं नाही.

आधी टाकीचं झाकण सैल केलं. झाकणाचं भोक बुजलं की टाकीत हवा शिरत नाही आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. उघडताना 'सुऽऽ' आवाज आला तर तेच दुखणं. आवाज आला नाही. मग कॉइलची बारीक वायर काढून ठेवली, म्हणजे कुठं ठिणगी पडायला नको. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी बाटलीत सोडली आणि काकांनी सेल्फ मारला. प्रत्येक ठोक्याला भरीव धार यायला हवी. आला तो निव्वळ फेस. पंप हवा ओढत होता.

पण हवा पंपातून शिरते की त्याच्या आधी? पंपाची आत येणारी नळी काढून तिथं दुसरी नळी लावली आणि ती डब्यातल्या पेट्रोलमध्ये बुडवली. धार भक्कम आली. पंपाचा डायफ्रॅम (आतला ओढणारा पडदा) ठणठणीत होता. राहिली टाकीकडून येणारी रबरी नळी. क्लिपखाली बोटानं वाकवल्यावर केसासारखी चीर उघडली. बाहेर पेट्रोलचा डाग नाही, वास नाही, कारण ही ओढणारी बाजू. गाडी चालू असताना इथून पेट्रोल गळण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून नुसतं बघून ही चीर सापडत नाही.

डिकीत नवी नळी होती. ती बसवली, सेल्फ मारला आणि गाडी थेट कणकुंबीच्या माउली मंदिरापर्यंत गेली.

या वाटेनं जुनी गाडी नेणार असाल तर निघायच्या आधी सगळ्या रबरी नळ्या बदला, नुसत्या पुसू नका. आता पेट्रोल पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं, आणि टाकीतला जुना मळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल चालेल अशीच नळी मागा आणि बेळगावातच घ्या. सोबत हातभर जादा नळी, दोन-तीन क्लिपा, एक फिल्टर, कंडेन्सर आणि पॉइंटचा सेट ठेवा. नळी उघडताना सायलेन्सर गार होऊ द्या आणि विडी-सिगारेटवाल्यांना लांब थांबवा, बघ्यांची गर्दी जमतेच.

पावसाळ्यात कुसमळीच्या पुलावरून वाहतूक सुरू आहे का, ते आधी विचारून घ्या. कणकुंबीच्या पुढे चोर्ला घाटात धुकं दाट असतं आणि फोनला रेंज जाते-येते, त्यामुळे गाडीत थोडीही कुरकुर असेल तर घाट उतरू नका. उतरणं जमेल, पण परतीच्या चढावर पंपाचा खरा कस लागतो.