"त्यो पोरगा आला न्हाई व्हय?"

गुरुवार, रात्री

बेळगावच्या वडगावात वैनी म्हाताऱ्या माणसांसाठी डबे करते, मी ते पोचवते. आज डबा घेऊन गेले तर अज्जीनं माझ्याकडं बघितलं, माझ्या मागं गल्लीत बघितलं आणि म्हणाली, "त्यो पोरगा आला न्हाई व्हय?"

बस्स, एवढंच. डबा घेतला, कालचा रिकामा दिला, दार लोटून घेतलं. आणि ते वाक्य दिवसभर कुसळासारखं टोचतंय मला. आमचे हे म्हणाले, "अगं, म्हातारी आहे ती, काय मनाला लावून घेतेस." म्हातारी आहे हे काय मला माहीत नाही? म्हणून तर डबा नेते!

पोरगा येऊन येऊन आला किती? मला ताप होता तेव्हा, आणि नंतर रविवारी वैनीनं पाठवला म्हणून. मी मिरगापासून जातेय. मिरग कोरडाच गेला म्हणा, पण आर्द्रा लागल्यापासून एक दिवस अंगावर कोरडं कापड नाही. पुनर्वसूचा तरणा पाऊस झोडपून गेला, आता पुष्याचा म्हातारा सुरू झालाय आणि तो काही कमी नाही. राकसकोप धरण भरलं. बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगावच्या शिवारात पसरलंय, नुकतं लावलेलं भात खाली बुडालंय. यळ्ळूर रोडला खड्डा कुठला आणि रस्ता कुठला ते गाडीचं चाक आत गेल्यावरच कळतं. शाळांना सुट्टी देतात. डब्याला कोण सुट्टी देणार?

बरं, मी काही नुसता डबा टेकवून पळत नाही. गरम आमटी भरून झाकण दाबलं की वाटेत डबा गार होतो आणि झाकण आत ओढून असं घट्ट बसतं की धडधाकट माणसालाही उघडत नाही. अज्जीची बोटं सगळी वाकडी. उभा जन्म मागावर गेला, वडगावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे हात असेच आहेत. म्हणून मी दारातच झाकण उघडून परत अलगद ठेवते. भाकरी वेगळ्या फडक्यात बांधायची हे वैनीला मीच सांगितलं. आमटीच्या वाफेनं वरच्या खणातली भाकरी भिजून तिचा लगदा व्हायचा, आणि उघडी ठेवली की वातड. पलीकडच्या आळीतल्या अज्जाचं मीठ कमी, गुरुजींना साखर म्हणून भात नको. हे सगळं माझ्या डोक्यात पाठ आहे. पोराला चिठ्ठी लिहून द्यावी लागली होती.

"लक्ष्मीचे 2000 आले काय बघ गं" म्हणाली (गृहलक्ष्मी योजनेचे सरकारी पैसे) की मी चष्मा पुसून तिच्या मोबाईलवरचे मेसेज बघते. ते कन्नडमध्ये येतात. मला अक्षरं जुळवत वाचायला वेळ लागतो, पण वाचते. संध्या सुरक्षाचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे, 1200 दोन महिने अडकले होते, तेव्हा तिचा कागद घेऊन बेळगाव वनच्या सरकारी सेवा केंद्रात रांगेत कोण उभं राहिलं? जाऊ दे. हे असं मोजायला लागलं की मलाच कसंतरी होतं. कोणी बोलावलं नव्हतं मला. वैनीनं विचारलं, मी हो म्हटलं. आई गेल्यावर दुपार खायला उठायची, आणि खानापूरच्या घराला कुलूप... तेही असू दे.

पण मग एवढं लागलं का? आभार मला नकोतच. तो अज्जा रोज म्हणतो, "मळी भाळ आतवा," म्हणजे पाऊस फार झाला गं, आणि डबा घेतो. दुसरा शब्द नाही. गुरुजी तर भाजीत काय आहे ते बघून नाक मुरडतात. मंगाईच्या यात्रेदिवशी डब्यात वांगं निघालं म्हणून त्यांनी मला सगळ्या वडगावात त्या दिवशी कुणाकुणाच्या घरी मटण शिजतंय त्याची यादी ऐकवली. मला हसू आलं, राग नाही आला. मग अज्जीच्या एका वाक्याचाच का यावा?

कारण तिनं कुणाची तरी वाट बघितली होती. दार मी वाजवायच्या आधीच उघडं होतं. मी गेले की नेहमी कडी वाजवावी लागते, दोनदा हाक मारावी लागते, मग आतून "आलो आलो" येतं, मग काठी. आज ती उंबऱ्याशीच बसलेली. आणि आले मी!

हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं. मत्सर म्हणतात तो हाच असावा. वयाच्या पन्नाशीनंतर, इंजिनिअरिंगच्या पोरावर, एका अज्जीवरून. छान.

संध्याकाळी डबे घासायला गेले तेव्हा मुद्दाम पोराला फोन लावला. गोड बोलून विचारलं, "काय रे, अज्जी तुझी फार आठवण काढते, काय जादू केलीस?" तो आधी गप्प. मग म्हणाला, "काकू, रागावू नका. त्या दिवशी माझ्याकडं रेनकोट नव्हता." मी म्हटलं, मग? तर हा नखशिखांत भिजून तिच्या दारात उभा राहिला. तिनं आत ओढला, लुगड्याचा जुना धडपा डोकं पुसायला दिला, चुलीपाशी बसवला. गॅस आहे तिच्याकडं, पण पावसाळ्यात चूल पेटवते. आणि ह्यानं मूर्खासारखं सांगून टाकलं की सकाळपासून काही खाल्लं नाही. झालं. अज्जीनं डबा उघडला आणि अर्धी भाकरी, निम्मी आमटी ह्याच्यापुढं!

"आणि तू खाल्लीस?"

"नको म्हटलं की ओ काकू. तिनं हातच धरला. शेंगाची चटणी पण दिली, तिच्या डब्यातली. लई भारी होती."

रविवारी परत तेच. म्हणे मुद्दाम चटणी कुटून ठेवली होती. त्या बोटांनी!

मी फोन ठेवला आणि आधी संतापले. मोजून मापून दिलेलं जेवण, दोन भाकऱ्या तिच्या, रात्रीला त्यातलीच एक ठेवते ती. आणि हा गडी आयता बसून जेवून आला. वैनीला सांगितलं तर वैनी हसतच सुटली. म्हणाली, "तू का बसत नाहीस गं?"

मी कशी बसणार? रेनकोट घालून आत जायचं नाही हे ठरलंय आपलं. फरशीवर पाण्याचा एक ओघळ राहिला आणि म्हातारं माणूस घसरलं की खुबा गेलाच म्हणायचा, मग उरलेलं आयुष्य खाटेवर. रेनकोट दारात काढायचा तर ती एक कसरत असते: आधी हेल्मेट, मग टोपी, मग पँट बुटातून निघत नाही. तोवर पिशवीतले बाकीचे डबे गार. गुरुजी साडेबारानंतर घड्याळ बघत बसतात आणि एक वाजून गेला की उपाशी राहायचा निश्चय करतात. तेव्हा मी उंबऱ्याबाहेरच उभी राहते, आणि उद्याही राहणार. त्यात चुकीचं काही नाही. कोणीतरी वेळेवर पोचायला हवंच.

फक्त एक आहे. नवरा गेला, मुलं पुण्याला गेली, तिला कुणाला वाढून किती वर्षं झाली असतील? आपण सगळे तिला द्यायलाच जातो. डबा द्या, गोळ्या द्या, मेसेज वाचून द्या. तिच्या दारात घ्यायला आलेला हा एकच बाबा, तोही रेनकोट विसरून. माझा मेला चांगला महागाचा, दोन पदरी, आत थेंब न जाणारा! मुलीनं दिवाळीला घेऊन दिलेला. त्यातून मी कुणाला भुकेली दिसणार?

तर वैनीला म्हटलं, अज्जीच्या डब्यात उद्यापासून तीन भाकऱ्या घाल. वैनीनं वही उघडली. ती सगळं लिहिते, कुणाला काय, कुणाला काय नको. "तिसरी कशासाठी लिहू?" म्हणाली. मी म्हटलं, लिही, वाढायला. तिनं खरंच तसं लिहिलं. मग पेन तसंच धरून म्हणाली, "अगं पण पोरगा रविवारचाच येणार. बाकीचे दिवस ती भाकरी कोण खाणार? तिची साखर आधीच..."

ह्यावर मी काही बोलले नाही. ज्वारीनं मला जळजळ होते हे वैनीला चांगलं माहीत आहे.

रविवारी पोराची परीक्षाही आहे म्हणे, व्हीटीयूनं, म्हणजे त्याच्या विद्यापीठानं, तारीख पुढं ढकललेली. म्हणजे रविवारी पण मीच. गुरुजींच्या डब्याचं रबर सैल झालंय, आमटी गळते, नवं आणलंय ते आत्ताच पिशवीत टाकून ठेवते. आणि ह्यांना विचारायचंय, भिंतीत मारायचा मोठा खिळा घरात आहे का. अज्जीच्या दाराबाहेर पत्र्याखाली कोरडी जागा आहे, रेनकोट टांगता येईल.