तुम्ही विचारलंत म्हणून: कुठला क्लास लावला होता?

"लेकीला आकाशाचं एवढं वेड कसं हो लागलं? कुठला क्लास लावला होतात?" सोसायटीत असो, ऑफिसात असो, प्रश्न ठरलेला. क्लास कुठलाच नाही. झालं ते संकष्टीमुळे.

सासूबाई ठाण्यात उपास करतात, माझी आई नागपुरात. त्या रात्री आई फोनवर म्हणाली, "आमचं जेवण उरकलंसुद्धा!" इकडे सासूबाई अजून खिडकीत उभ्या. लेक तेव्हा चौथीत. तिने कालनिर्णय खिळ्यावरून उतरवलं, चंद्रोदयाच्या वेळा बघितल्या आणि बापापुढे धरलं. "चंद्र एकच आहे ना? मग नागपूरला आधी कसा?"

नवऱ्याला उत्तर येत होतं. त्याने दिलं नाही. फ्रिजमधून मोसंबं काढलं, त्यात दोन लवंगा खोचल्या, एक ठाणं, एक नागपूर. दिवे घालवले, चंद्र म्हणून टॉर्च मला धरायला लावला आणि मोसंबं तिच्या हातात दिलं. "फिरव." तिने उलटं फिरवलं, तर ठाणं आधी उजेडात आलं. मग थांबली, पुटपुटली, दिशा बदलली. नागपूर पुढे! सासूबाई आतून ओरडल्या, "आधी नैवेद्य, मग भूगोल!"

जेवणानंतर ॲटलास निघाला. रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं, दोन शहरांत सहा अंशांहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे 25 मिनिटं. कालनिर्णयाशी अगदी तंतोतंत जुळेना. दरम्यान चंद्रही सरकतो आणि अक्षांशही आड येतात, हे तिने सातवीत आपलं आपण शोधून काढलं.

जयंत नारळीकरांच्या बनारसच्या घरी वडिलांनी भिंतीवर फळे करून घेतले होते. मोरूमामा त्यावर गणित लिहून ठेवत आणि ते भाच्यानेच सोडवायचं. वडील गणिताचे प्राध्यापक, मग काय, असं लोक म्हणतात. मला मात्र उत्तर तोंडावर आलेलं असताना गप्प बसणाऱ्या मामांचं कौतुक जास्त वाटतं. ते फार अवघड असतं हो, विशेषतः उद्या शाळा असताना.

क्लासशी माझं वैर नाही. पण तिथे प्रश्न सर विचारतात.

आता ती अकरावीत आहे. सध्या खगोल मागे पडलंय, भूगर्भशास्त्र करायचं म्हणते. घरभर दगड झालेत. देवघराशेजारचा कोनाडा द्यायला सासूबाईंनी साफ नकार दिलाय, त्यामुळे झिओलाइटचे स्फटिक माझ्या मसाल्याच्या फळीवर आहेत.