टॉवरवाला डोंगर

पावसाने उघडीप दिली की पुण्यातून नैऋत्येला सिंहगड स्पष्ट दिसतो, आणि नवख्या माणसाला तो दाखवताना हटकून सांगितलं जातं, "तो बघ, टॉवरवाला." शिवकालाच्याही आधीपासूनचा गड, पण ओळख मात्र दूरदर्शनच्या टॉवरची. गडप्रेमींना याचा राग येतो आणि तो रास्तच आहे. पण जागा निवडणाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुणं त्यानंतर वर्षभराने. वरळीला पायाखाली डोंगर नाही, म्हणून तिथे ३०० मीटरचा पोलादी मनोरा उभा करावा लागला. पुण्याचा तेवढा खर्च सह्याद्रीने आधीच करून ठेवला होता.

टीव्हीच्या आणि एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. अँटेनाला टॉवर 'दिसला' पाहिजे, एवढीच त्यांची अट. हवेमुळे लहरी किंचित वाकतात तो फायदा धरून याचं साधं गणित आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं, की किलोमीटरमध्ये पल्ला मिळतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, शहर ५६० च्या आसपास. म्हणजे फरक ७४० मीटर आणि पल्ला ११२ किलोमीटर. ऐकणाऱ्याची अँटेना दहा मीटरवर असेल तर तिचे आणखी १३. सपाटीवर शंभर मीटरचा टॉवर उभारला असता तर अँटेनाचे धरूनही पल्ला ५४ किलोमीटरवर संपला असता. टॉवरच्या दृष्टीने पल्ला दुप्पट करायचा तर उंची चौपट हवी. ती पोलादात विकत घेणं कुणालाही परवडत नाही.

"मग पॉवर वाढवा की" असं नेहमी सुचवलं जातं. दहा किलोवॅटचे वीस केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. पडद्यावर मुंग्या नाचत असतील तर त्या थोड्या विरळ होतील, इतकंच. वीजबिल मात्र जवळपास दुप्पट. आणि मधे डोंगर आडवा आला की कितीही किलोवॅट ओता, पलीकडचं खोरं अंधारातच राहतं. त्यासाठी शंभर वॅटचा छोटा प्रक्षेपक त्या खोऱ्यात नेऊन बसवणं हाच खरा उपाय.

रेडिओच्या मध्यम लहरींचं (मीडियम वेव्ह) सगळं उलट. त्यांना डोंगर नको, ओली जमीन हवी. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची लहर ३७९ मीटर लांब. ती जमिनीला धरून सरकते. तिथे उभा मनोरा हीच अँटेना असते, आणि बुडाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या तांब्याच्या तारा पुरतात, पुस्तकी आकडा १२०. मुंबईत आकाशवाणीचे मनोरे मालाडच्या खाडीकाठी आहेत ते उगाच नाही. एकाला चिखल मानवतो, दुसऱ्याला कातळ.

गडावर असण्याची एक गंमत म्हणजे पायथ्याशीच बोंब होऊ शकते. अँटेनाचा झोत क्षितिजाकडे जातो. डोक्यावरून गेलेल्या झोताचा पायथ्याच्या गावाला उपयोग शून्य. म्हणून झोत अंशभर खाली कलवतात आणि मधल्या मृत पट्ट्यांत थोडी शक्ती मुद्दाम सांडू देतात.

दुसरी तक्रार दुहेरी चित्राची. निवेदिकेच्या उजवीकडे तिचीच फिकट जुळी बहीण उभी. ही टीव्हीची खोड नव्हे; थेट लहरीपाठोपाठ एखाद्या टेकडीवर किंवा इमारतीवर आपटून आलेली लहर उशिरा पोचते. किती उशिरा, हे पट्टी लावून मोजता येतं. चित्राची एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रंगते. वीस इंची (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं) पडद्याची रुंदी ४० सेंटीमीटर. म्हणजे जुळी एक सेंटीमीटर सरकलेली असेल तर उशीर १.३ मायक्रोसेकंद, आणि त्या लहरीने सुमारे ४०० मीटरचा वळसा घेतलेला. परावर्तन बरोबर पाठीमागून असेल तर गुन्हेगार भिंत २०० मीटरवर शोधावी.

बाकी सगळ्या भानगडी पाण्याच्या. पावसाळ्यात घरोघरी मुंग्या वाढल्या की लोक टॉवरला दोष द्यायचे. खरा दोष बहुधा गच्चीवर असायचा: ॲल्युमिनियमच्या दांडीला तांब्याची तार आवळलेली, तिथे ओल लागून पांढरी भुकटी धरलेली. स्क्रू सोडून सांधा पॉलिश पेपरने घासला, पुन्हा आवळून वर ग्रीस लावलं की चित्र परत यायचं. चपटी वायर भिंतीला चिकटवून न आणता पीळ देत, अंतर राखून आणावी, हे मात्र फार थोड्यांनी पाळलं.

गडावर तोच शत्रू, फक्त घाव मोठा. प्रक्षेपकापासून अँटेनापर्यंत शक्ती नेणारी जाड केबल आतून पोकळ असते, आणि त्या पोकळीत कोरडी हवा दाबाने भरलेली ठेवतात. हवा कोरडी करणारे सिलिका जेलचे खडे निळे असतात. ओल पिऊन गुलाबी झाले की काढून तापवायचे, पुन्हा निळे होतात. जुलैच्या ढगात ते बघता बघता गुलाबी होतात. कुणी कंटाळा केला की केबलमध्ये दव धरतं, शक्ती परत फिरू लागते. दहा किलोवॅटमधले चारशे वॅट परतले, म्हणजे अवघे चार टक्के, तरी काळजी करण्यासारखं आहे. त्याहून वाढले की प्रक्षेपक स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडतो, आणि गावभर "दूरदर्शन गेलं."

प्रसार भारतीने अशी जुनी ॲनालॉग प्रक्षेपणं २०२१-२२ मध्ये जवळपास सगळीकडे आटोपती घेतली. पण टॉवर उभा आहे तोवर वीज त्याच्यावर पडणारच. आत काही चालू आहे का, हे ती विचारत नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट कातळ विजेला सहज वाट देत नाही, म्हणून अर्थिंगचे खड्डे खोल खणून कोळसा-मिठाने किंवा बेंटोनाइट मातीने भरतात, एकमेकांना तांब्याच्या पट्ट्यांनी जोडतात आणि उन्हाळ्यात पाणी घालतात. त्याचा रोध मोजायचा तो मे महिन्यात, खडक सुकून ठणठणीत असताना. ऑगस्टमध्ये मोजलं की आकडा हमखास छान येतो, आणि पुढच्या वळवाच्या पहिल्या गडगडाटात प्रक्षेपकाचा खोलीभर धूर होतो.