आमची वाटचाल: डिशच्या छत्रीपासून ड्रोनपर्यंत

आमच्या दुकानाची पाटी आजही 'डिश व मोटर स्टार्टर दुरुस्ती' अशीच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या वरूडात गिऱ्हाईक पाटी वाचून येत नाही, विचारत येतं. छत्री फिरवून सिग्नल धरायचा, छत्रीच्या तोंडाशी असलेला सिग्नल पकडणारा एलएनबी बदलायचा, जळालेले स्टार्टर उघडायचे, यात सुरुवातीची वर्षं गेली. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. ड्रोनचं काम आलं ते संत्र्यामुळे. कोणत्या ओळी सुकायला लागल्या, कोळशी रोगानं कुठली झाडं काळी पडली, हे बांधावर उभं राहून कळत नाही. कॉलेजातली पोरं फ्रेम आणि मोटरा घेऊन आली, आम्ही सोल्डरिंग करून दिलं, आणि पुढे अख्खी यंत्रंच बांधायला लागलो.

९ फेब्रुवारी २०२२ ला परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग मात्र येत राहिले. मग काय, हातात स्क्रूड्रायव्हर असलेला प्रत्येक जण ड्रोनवाला झाला. शहरातल्या एका दुकानदारानंही मोठा फलक लावला. त्याचं नाव लिहीत नाही. इकडच्यांना ठाऊक आहे.

त्याच सुमारास एका व्यापाऱ्याकडून आम्ही कॅमेऱ्यांचा लॉट उचलला. चित्र झकास, वजन कमी. पण कॅमेरा चालू केला की जीपीएस आंधळं! ऑर्डरी पुऱ्या करून यंत्रं गिऱ्हाइकांच्या हाती गेली होती. एक हवेत डोलत सरकायला लागलं, दुसरं ईकेएफ फेलसेफ (आपली जागा कळेनाशी झाली की आपोआप सुरू होणारी सुरक्षा) लागून शेजारच्या तुरीत उतरलं. व्यापारी म्हणाला, "तुमची जोडणी चुकली." माल परत घेतला नाही, पुढे फोनही उचलेना. शहरातल्या त्या महाशयांना तर आयतंच मिळालं. "वरूडच्या ड्रोनला उपग्रह सापडत नाही," असं त्यांनी दिवाळीपर्यंत तालुकाभर पोचवलं. नवीन ऑर्डर येणं थांबलं. घरचं आणि दुकानाचं वीजबिल पुन्हा स्टार्टरच्या कमाईतून भरायला लागलो.

त्या काळात यंत्र परत न करणारे एकच निघाले, शेंदुरजनाघाटकडचे काकाजी. ते ड्रोन आमच्या टेबलावर ठेवून गेले आणि बाजाराच्या दिवशी येऊन स्टुलावर बसायचे. आम्ही लॅपटॉप आणि यंत्र घेऊन मागच्या मोकळ्या जागेत.

"काऊन रे, किती उपग्रह आले?"

"चौदा, काकाजी."

"आता कॅमेरा लाव."

"सहा."

"म्हंजे आठ या डबीनं खाल्ले नं बे!"

अगदी तसंच होतं. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. जमिनीवर पोचेपर्यंत त्यांचा सिग्नल अँटेनाच्या स्वतःच्या नॉइजखाली, म्हणजे खरखरीखाली, दबलेला असतो. रिसीव्हर तो गणितानं उपसून काढतो. पोळ्याला तोरणाखाली डफडी वाजत असताना कोणी कानात काही सांगावं, तशी गत. कॅमेऱ्याच्या आतलं घड्याळ (ठोके देणारं सर्किट) आणि डेटाची चपटी केबल रेडिओचा खडखडाट करतात, आणि त्यातला थोडा जरी जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास पडला तरी खेळ खलास. यू-सेंटर हे जीपीएस तपासायचं सॉफ्टवेअर उघडून आम्ही सिग्नलच्या पट्ट्या बघायचो. कॅमेरा बंद असताना चांगल्या उपग्रहांच्या ४० डीबी-हर्ट्झच्या (सिग्नल किती ठळक याचं माप) वर, चालू केला की पट्ट्या खाली बसल्याच. उपग्रहांचा आकडा काय सगळेच बघतात. खरा रोग पट्ट्यांत दिसतो.

मग कॅमेरा बोर्डाला आधी पिवळी कॅप्टॉन टेप लावली, म्हणजे शॉर्ट नको. तिच्यावर तांब्याची टेप, चपट्या केबललाही गुंडाळली, आणि सोल्डर करून एका ठिकाणी ग्राउंडला जोडली. हवेत सोडलेली तांब्याची टेप नुसती शोभेची. सप्लायची वायर फेराइटच्या (खरखर शोषणाऱ्या) रिंगमधून दोन-तीन वेढे देऊन घेतली. जीपीएस फ्रेमवरून उचलून काठीवर चढवलं आणि त्याच्याखाली तांब्याचा पत्रा दिला. हा पत्रा खालचा आवाज अडवतो, वर चौकोनी सिरॅमिक अँटेनाला पाया मिळतो. पट्ट्या परत वर आल्या तेव्हा काकाजी काही बोलले नाहीत, चहा मात्र त्यांनी सांगितला.

काठीवर जीपीएससोबत बसणाऱ्या, दिशा सांगणाऱ्या कंपासचं प्रकरण वेगळं. तिथे तांबं कामाचं नाही, कारण बॅटरीच्या वायरांतल्या करंटचं चुंबकत्व तांबं अडवत नाही. तिथे फक्त अंतर. आणि प्लस-मायनस वायरा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, म्हणजे दोघींचं चुंबकत्व बरंचसं आपसातच मिटतं.

पुढे गंमत झाली. शहरातल्या त्या दुकानाचंच एक यंत्र फिरत-फिरत आमच्या टेबलावर आलं. तक्रार तीच, लॉक नाही, म्हणजे उपग्रह पकडून जागा ठरत नाही. उघडून बघतो तर जीपीएस थेट व्हिडिओ ट्रान्समीटरच्या डोक्यावर चिकटवलेलं, बाजूनं ईएससीच्या (मोटरांचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) वायरांचं भेंडोळं, आणि वर झाकण म्हणून कार्बन फायबरची प्लेट! कार्बन फायबरमधून रेडिओ सिग्नल नीट जात नाही, हे डिशवाल्याच्या पोरालाही समजावं. आम्ही दुरुस्त करून दिलं, बिलावर काय काय केलं ते ओळीनं लिहिलं. ते बिल त्यांच्यापर्यंत पोचलं असणार, कारण पुढच्या हंगामात त्यांच्या यंत्रांवरही काठ्या दिसायला लागल्या. फलकावर त्या काठीला आता 'अँटी-जॅमिंग सिस्टीम' म्हणतात आणि वेगळे पैसे घेतात.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. नवीन यंत्राचा पहिला लॉक टिनाच्या शेडखाली घेत बसू नका, उघड्या आभाळाखाली न्या आणि थांबा. काठी दोन बाजूंच्या टेपनं चिकटवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात टेप सुटते, काठी कलते, कंपास वाकडा होतो आणि शिव्या जीपीएसला पडतात. स्क्रू लावा. आणि पोरांनो, तांब्याची टेप जीपीएसच्या वरून लावू नका. असा एक ड्रोन आला होता, अगदी नीटनेटकं पॅकिंग.

काकाजींचा ड्रोन अजून उडतो, मोटरा तेवढ्या बदलल्या. त्यांच्या ओळखीनं मोर्शीकडची कामं आली आणि आता टेबल पुरत नाही. तो कॅमेऱ्यांचा लॉट टेप लावून-लावून आम्ही संपवला. व्यापाऱ्यानं परतीचे पैसे अजून दिलेले नाहीत. पावती आमच्याकडे आहे.