जर्मनीला निघताना बॅगेवरचं स्वस्तिक, आणि पुढचं बरंच काही

जर्मनीतलं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून सप्टेंबरभर पुण्यातून मुलं निघत असतात. मॅक्सम्युलर भवनातली परीक्षा झालेली, कुकर, मेतकूट, भाजणी बांधून तयार, आणि निघायच्या दिवशी आजी बॅगेवर कुंकवाने स्वस्तिक काढते. आजी, तेवढं बॅगेवर नको, पाटावर काढा.

जर्मन दंडविधानाच्या ८६ अ कलमानुसार नाझींसारख्या बेकायदा ठरलेल्या संघटनांची चिन्हं जाहीरपणे दाखवणं हा गुन्हा आहे. शिक्षा दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद. हुबेहूब त्यांच्यासारखी वाटणारी चिन्हंही त्यातच मोडतात. आपलं स्वस्तिक सरळ उभं, लाल, चार ठिपक्यांचं. त्यांचं बहुधा ४५ अंशांत कललेलं, पांढऱ्या वर्तुळात काळं. तिकडे त्याला म्हणतातही ‘हाकनक्रॉइत्स’, म्हणजे वाकड्या टोकांचा क्रूस. धार्मिक वापराला कायद्याचा आक्षेप नाही, घरातल्या देव्हाऱ्याला कुणी हात लावत नाही. पण दाराच्या बाहेर, गाडीच्या काचेवर किंवा बाल्कनीत ते दिसलं की शेजारी आधी पोलिसांना फोन करतो आणि फरक मागाहून ऐकतो. त्या देशाचा इतिहास पाहता त्याला दोष तरी कसा द्यायचा?

याहून अवघड गोष्ट आपल्या कट्ट्यावरची आहे. ‘आपल्याला हिटलरसारखाच माणूस पाहिजे, शिस्त लागेल’ हे वाक्य पुण्यात चहाबरोबर सहज निघतं. जर्मनीत हेच सहकाऱ्यांसमोर बोललात तर टेबलावर शांतता पसरेल, आणि पुढच्या वेळी जेवायला बोलावणं येणार नाही. नाझी सलामासारखा हात पुढे करून गमतीत काढलेला फोटो तर थेट गुन्हा. ऑगस्ट २०१७मध्ये बर्लिनच्या संसदेसमोर दोन चिनी पर्यटकांनी तसा फोटो काढला. दोघांना ताब्यात घेतलं आणि प्रत्येकी ५०० युरो जामिनावर सोडलं. व्हॉट्सॲप ग्रुपवरचे हिटलरचे स्टिकर विमानात बसण्यापूर्वीच पुसून टाका.

आता खरे अतिरेकी ओळखायचे कसे? जर्मनीत संविधानरक्षणाचं वेगळं सरकारी खातं आहे आणि ते ‘कडवा’ आणि ‘अतिरेकी’ यांत फरक करतं. स्थलांतर कमी करा म्हणणारा प्रत्येक जण अतिरेकी नसतो. माणसामाणसांची प्रतिष्ठा समान आहे हेच ज्याला मान्य नाही आणि लोकशाहीची चौकट जो मोडू पाहतो, तो अतिरेकी. त्यांच्या खुणा आकड्यांत लपतात: १८ म्हणजे वर्णमालेतलं पहिलं आणि आठवं अक्षर, हिटलरची आद्याक्षरं, ८८ म्हणजे आठवं अक्षर दोनदा, ‘हाइल हिटलर’. आपण आरटीओत पसंतीच्या नंबरासाठी पैसे मोजतो. तिकडे गाडीच्या पाटीवर एसएस, एसए (नाझींची दलं), केझेड (छळछावणी) ही अक्षरं मिळतच नाहीत. अर्थात नुसता ८८ दिसला म्हणून दचकू नका, माणूस १९८८ साली जन्मलेला असू शकतो. आकडा, कपडे, गोंदण आणि सोबतची टोळी, सगळं मिळून अर्थ लागतो.

ओळख पटवण्यात खुद्द यंत्रणाच किती चुकते, याचं उदाहरण ‘एनएसयू’ नावाच्या नवनाझी टोळीचं. सप्टेंबर २००० ते एप्रिल २००७ या काळात त्यांनी १० खून केले. नऊ जण तुर्की किंवा ग्रीक मुळाचे, बहुतेक छोटे दुकानदार. दहावी एक पोलीस महिला. पहिला बळी न्यूरेंबर्गमधले फूलविक्रेते एन्वर शिमशेक. पोलीस वर्षानुवर्षं मृतांच्याच घरच्यांची उलटतपासणी करत राहिले: अमली पदार्थ होते का, माफियाशी देणंघेणं होतं का? वंशद्वेषाच्या अंगाने तपास नेटाने झालाच नाही. टोळी उघडी पडली नोव्हेंबर २०११मध्ये, तीही एका बँक दरोड्यानंतर. सॅक्सनीतल्या म्युगेलन गावात ऑगस्ट २००७मध्ये जत्रेच्या रात्री जमावाने आठ भारतीयांना बाजारचौकातून पिटाळलं. ते एका पिझ्झाच्या दुकानात शिरले म्हणून वाचले. त्यानंतरही गावात अतिउजवे नाहीतच, असं गावाच्या वतीने सांगितलं गेलं.

एनएसयूच्या धड्यानंतर २०१५मध्ये कायदा बदलला. शिक्षा ठरवताना वंशद्वेषी हेतू लक्षात घ्यावा, असं कलम ४६मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं. पण हेतू तक्रारीत उतरलाच नाही तर न्यायाधीशासमोर उरते फक्त ‘ट्राममधली बाचाबाची’. प्रकरण इथेच ढिलं पडू शकतं.

म्हणून काही घडलंच तर क्रम असा ठेवा. आधी सुरक्षित जागा, मग ११० हा पोलिसांचा नंबर. दुसऱ्यावर प्रसंग आला असेल तर हल्लेखोराशी हुज्जत घालू नका. ज्याला त्रास होतोय त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्याच्याशी बोला. मार लागला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. मुका मारसुद्धा मापासकट लिहून घ्या, फोटो काढा. वळ दोन दिवसांनी जास्त काळेनिळे होतात, तेव्हा पुन्हा काढा.

त्याच रात्री, झोपण्याआधी, आठवणीतलं टिपण लिहा. वेळ, थांबा, ट्रामचा नंबर आणि दिशा, किती जण, बूट, जाकीट, गोंदण, साक्षीदारांचे फोन. शिवी जशी ऐकली तशी लिहा. जर्मन कळलं नसेल तर देवनागरीत उच्चार उतरवा. ‘आउसलेंडर राउस’ असं लिहिलेलं जर्मन माणसाला वाचून दाखवलं की तो लगेच ओळखतो, परक्यांनो चालते व्हा. आपली लिपी इथे फार उपयोगी पडते. ट्राम-बसमधलं कॅमेऱ्याचं चित्रण बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवसांत पुसलं जातं, ते जपून ठेवायला पोलिसांना लगेच सांगा.

पोलीस ठाण्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि आपली मुलं हमखास एकच करून येतात. ‘आन्त्साइगं’ म्हणजे गुन्ह्याची खबर. ‘श्ट्राफआंट्राग’ म्हणजे खटला चालवा अशी रीतसर मागणी. नुसत्या अपमानाच्या गुन्ह्यात ही दुसरी मागणी नसेल तर सहसा पुढे काही होत नाही, आणि तिची मुदत गुन्हा आणि माणूस कळल्यापासून ३ महिने. हेतूबद्दलचं तुमचं म्हणणं जबाबात आलंय का ते वाचून पाहा, न कळलेल्या कागदावर सही करू नका, दुभाषी मागा. मराठीचा मिळणं कठीण; हिंदी किंवा इंग्रजीचा मिळतो. निघताना प्रकरणाचा क्रमांक घ्या. समोरचा उलटी तक्रार ठोकू शकतो, त्या वेळी रात्रीचं टिपणच कामाला येतं.

पत्त्याकडे दुर्लक्ष होतं. आरोपीच्या वकिलाला फाइल पाहता येते. घरचा पत्ता तिथे जाऊ नये म्हणून दुसरा पत्ता देता येतो, बऱ्याचदा पीडित-सल्ला केंद्राचा. बर्लिनमध्ये रीचआउट, थुरिंगियात एझ्रा, ब्रांडेनबुर्गात ओप्फरपर्स्पेक्टिवं. सल्ला मोफत आणि गोपनीय, पोलिसांत गेलेलं असायची अट नाही. कोर्टात सोबतही येतात. आणि तक्रार केली म्हणून व्हिसा अडत नाही. ही भीती मुलं एकमेकांना घालतात.

अतिरेकी गटात अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचीही सोय आहे. २०००पासून चालणाऱ्या ‘एक्झिट-डॉइचलांड’ या संस्थेने २०११मध्ये गेरा इथल्या नवनाझी मैफलीत २५० टीशर्ट फुकट वाटले. वर कवटी आणि झेंडे. पहिल्या धुण्यात ते चित्र निघून गेलं आणि खालून मजकूर आला: तुझ्या टीशर्टला जमलं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू.

पुण्यातल्या आईबाबांसाठी एवढंच. फोन आला की पहिलं वाक्य ‘परत ये’ असू नये. डॉक्टरकडे गेलास का, लिहून ठेवलंस का, प्रकरणाचा नंबर मिळाला का, हे विचारा. टिपणाचा फोटो मागवून तुमच्याकडेही जपून ठेवा.