सायन्स घे म्हणायचं मी का सोडलं

‘मॅडम, विज्ञान दिनाला तुम्ही किती छान बोलायच्या. आता पोरींना सायन्स घ्या म्हणून सांगत का नाही?’ मुख्याध्यापक विचारतात. पुण्याहून प्रकल्प घेऊन येणारी मंडळी विचारतात. माझ्याच हाताखालून गेलेले विद्यार्थी तर लग्नाच्या पंगतीत विचारतात. मी ‘आता वय झालं’ म्हणून हसण्यावारी नेते. वय बेचाळीस आहे. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकते.

२८ फेब्रुवारीला माझं भाषण ठरलेलं असायचं, जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, वर्षभर अटींवर राहिल्या, पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. रामन परिणामाच्या दिवशी रामन यांचीच ही गोष्ट सांगायला मला गंमत वाटायची. पोरी टाळ्या वाजवायच्या. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रातले, त्याच संस्थेत शिकलेले, हे मला माहीत होतं. भाषणात मी ते गाळायचे. त्याने गोष्टीतला जोर जातो ना.

माझे वडील मास्तर होते. अकरावीला मला यवतमाळात खोली करून दिली होती, सोबतीला आजी. हेही गाळायचे. ‘मी तुमच्यासारखीच खेड्यातली’ एवढंच सांगायचे.

२०१७ ला दहावीला एक मुलगी होती, बंजारा तांड्यावरची. घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली. ८८ टक्के पडले. आई म्हणत होती आर्ट्सला टाकू. मी तांड्यावर गेले, बाजेवर बसून चहा प्याले आणि तासभर तिच्या आईबापाला पटवलं. बाप काही बोलला नाही, मान हलवली. परत येताना मी स्वतःवर इतकी खूश होते की काय सांगू.

अकरावी सायन्स इंग्रजीत. आमच्या शाळेत तिने संवेग, त्वरण, जडत्व चोख पाठ केलं होतं. तिकडे ‘मोमेंटम’ आला. मोमेंटम म्हणजे आपला संवेगच, हे तिला दिवाळीत कळलं, आणि तेही मी सांगितलं तेव्हा. तिसऱ्या भाषेत भौतिकशास्त्र शिकत होती पोर. कॉलेजात हजेरी आणि प्रॅक्टिकल, खरं शिकवणं खाजगी क्लासमध्ये. क्लास सकाळी साडेसहाला. सरकारच्या मानव विकास योजनेतली मुलींची निळी एसटी फुकट आहे, पण ती यायची शाळेच्या वेळेला. मग रिक्षा लावली. क्लासच्या फीचे दोन हप्ते ठरले होते. पहिला दिला. दुसरा कापूस विकून द्यायचा होता, आणि ते साल गुलाबी बोंडअळीचं, कापूस खाणाऱ्या किडीचं. चार एकर कोरडवाहू. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दिवाळीत ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली होती. मी दोन धडे समजावले आणि म्हणाले, ‘सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं, मेहनत कर.’ हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. मेहनत? पहाटे चारला उठून भाकरी करून जाणाऱ्या पोरीला मी मेहनत सांगत होते.

२०१९ ला बारावीत फिजिक्स आणि गणित राहिलं. निकालाच्या आठवड्यात तिची आई शाळेच्या फाटकाशी उभी होती. भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘मॅडम, तुमी सांगतलं म्हून टाकलं तिले सायन्सले. आर्ट्सले टाकलं असतं तं पास तं झाली असती.’ मी पुरवणी परीक्षेचं काहीतरी बोलले. ती ऐकून घेऊन गेली. दिवाळीनंतर लग्नाची पत्रिका आली. मी गेले नाही.

‘एका पोरीवरून सगळ्यांचं ठरवता काय?’ हे मीच मला विचारते. बरोबर आहे. आर्ट्स करून तिचं काय सोनं झालं असतं, हेही विचारते. जुनी मी फार भांडते. म्हणते, तू गप्प बसलीस म्हणून बस लवकर सुटायला लागली का? नाही लागली. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या शिक्षणाची फी सरकारने माफ केली, चांगलंच झालं. पण त्या दारापर्यंत पोचायची अकरावी-बारावीची दोन वर्षं अजून क्लासवाल्याच्या आणि रिक्षावाल्याच्या हातात आहेत. फुकट सल्ला देऊन मी मोकळी होते, हप्ता तांड्यावर भरला जातो.

आता मी एवढंच करते की आठवीपासून फळ्याच्या उजव्या कडेला प्रत्येक शब्दाचा इंग्रजी जोडीदार लिहिते. साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, मराठी माध्यमात हे कशाला?

यंदा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरताना पोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, एका मुलीने पहिल्या पसंतीला सायन्स टाकलं. मला विचारलंही नाही. भरल्यावर सांगायला आली. मी म्हटलं, ‘क्लासचं काय?’ म्हणाली, ‘पाहू ना मॅडम.’ मला राग आला. मग तिच्याच समोर डेपोत फोन लावला, सकाळची गाडी किती वाजता सुटते विचारायला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, अजून एकदा लावा.’